नेलपॉलिश लावलेलं लोखंड

मी, नीबिया एचेगाराय, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा बायकांचे केस कापणे, रंगवणे व कुरळे करणे, राहणार पायसांदू, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं निळ्या दाराचं घर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाचाही दाब नसताना, आणि कोणी दाब आणायला आलंच तर त्याला दारातून परत पाठवण्याइतकी ताकद अंगात असताना, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मते त्याची गरज नव्हती. गेल्याच आठवड्यात मी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, पितळेची एक बुश, म्हणजे पोकळ कडं, कातली आणि ती शाफ्टवर अशी बसली की मधे हवा शिरायला जागा नाही. डोकं फिरलेल्या बाईच्या हातून हे होत नाही.

हृदयाची झडप मात्र झिजली आहे आणि ती आता बदलता येणार नाही असं ठरलं आहे. झडपा मी पुष्कळ बसवल्या, पण त्या जागी माझा हात पोचत नाही. म्हणून हे लिखाण.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी रागाच्या भरात सगळं चर्चला देऊन टाकलं होतं. आमच्या फादरना लेथ म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, "त्याच्यावर कपडे वाळत घालता येतात का?"

नोटरी सिल्वाना इराओला यांनी सांगितलं की तुम्ही तुमच्या शब्दांत लिहा, कायद्याचं मी बघते, शिव्या तेवढ्या गाळा. शिव्या गाळल्या आहेत.

मुख्य प्रश्न एकच आहे, तो आधी मांडते. घरामागच्या शेडमध्ये पोलाद, बीड, पितळ आणि काशाचा जो ढीग मी उभ्या आयुष्यात जमवला, तो मी गेल्यावर माझा धाकटा भाऊ नेल्सन याच्या ट्रकवर चढू नये. नेल्सनची भंगाराची वखार आहे. त्याच्या लेखी जगात लोखंड दोनच प्रकारचं, जड आणि हलकं. पण अडचण अशी की ढिगातला बराच माल त्याच्याच वखारीतून आलेला आहे, आणि त्याने तो मला कधी विकलाही नाही आणि दिलाही नाही. दर वेळी म्हणायचा, "घेऊन जा. तुझं खेळून झालं की परत आण." नोटरीबाई म्हणतात, उसनं आणलेलं मृत्युपत्रात तिसऱ्याला देता येत नाही. नेल्सनने यावं, आपलं काय ते खूण करून वेगळं काढावं, उरेल ते माझं. उरेल काय, तर किरकोळ तुकडे, डबाभर नळ आणि प्रिंटरच्या बारीक सळया. तो शनिवारी येणार आहे. त्याने मला तोंडावर सांगून ठेवलंय, "तू डोळे मिटलेस की फुलं सुकायच्या आत शेड मोकळी करतो, नीबिया. तिथे मला आसादोची भट्टी बांधायचीय, छपराखाली, पावसातसुद्धा मांस भाजता येईल अशी." तोवर ढिगाचं कलम मी उघडं ठेवते आणि बाकीचं उरकून घेते.

घर. आईवडिलांच्या मागे घर आणि शेड आम्हा दोघा भावंडांचं, निम्मं निम्मं. माझा निम्मा हिस्सा आणि बँकेत असेल ते माझी मुलगी हिमेना हिला. ती मोन्तेविदेओला असते. तिला माझा हा नाद कधी आवडला नाही. लहानपणी ताटातून काळं काही निवडून काढायची आणि म्हणायची, "आई, लोखंडाचा कीस आहे." मी म्हणायची, "मिरी आहे, खा." बहुतेक वेळा मिरीच असायची. अजूनही ती आली की आधी माझ्या कपाळाचा मुका घेते आणि मग हात धुऊन यायला सांगते. गुणाची पोर आहे.

पार्लर. आरसे, केस वाळवायच्या टोप्या, कात्र्या विकून माझ्या क्रियाकर्माचा खर्च भागवावा. खिडकीजवळची वर-खाली होणारी खुर्ची मात्र विकू नये, ती हिमेनाने ठेवावी, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. तिच्या पंपातली पिन तुटली होती. ती पिन घेऊन मी गावातले टर्नर दोन बेंतान्कोर यांच्या दुकानात गेले. आमच्याकडे मान देऊन पुरुषाला 'दोन' म्हणतात आणि बाईला 'दोन्या', तो आकडा नव्हे. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"दोन्या, नवी खुर्ची घ्या," ते म्हणाले. "एका पिनेसाठी मी मशीन लावत नाही."

"मग लोखंडाचा तुकडा तरी विका. मी घरी घासून करते."

"तुकडा? इथे अख्खा बार मिळतो, सहा मीटरचा. तुकडा कशाला हवाय, केसांत खोचायला?"

सगळं दुकान हसलं. मीही हसले, कारण माझं दुकान त्याच रस्त्यावर होतं आणि त्यांच्या बायका माझ्याकडे यायच्या. पण त्या दिवशी घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. एका बोटमेकॅनिकची विधवा माझ्याकडे केस सेट करायला यायची. तिच्या परसात नवऱ्याचा लहान लेथ होता आणि त्याच्यावर कोंबड्या बसायच्या. आमचा सौदा ठरला: लेथ माझा, आणि तिचे केस आयुष्यभर फुकट. ती बाई ब्याण्णव वर्षं जगली. शेवटच्या महिन्यातसुद्धा तिने मला घरी बोलावून केस कुरळे करून घेतले आणि म्हणाली, "लेथ स्वस्तात नेलास असं वाटलं होतं ना तुला?"

लेथ आला आणि मला कळलं की खरी अडचण लेथची नव्हतीच, त्याच्यावर चढवायच्या धातूची होती. व्यापारी अख्खा बार विकतो, हौशी माणसाला हवा असतो वीतभर. वीतभर विकणारा भेटला तर तो वीतभराचे अख्ख्या बाराएवढे मागतो. या गावात अशी रडत बसणारी पुष्कळ पुरुषमंडळी मी पाहिली. मला रडावं लागलं नाही, कारण माझ्याकडे केस वाळवायच्या टोप्या होत्या. टोपीखाली बसलेल्या बाईला हवेच्या घरघरीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून ती ओरडून बोलते. "आमचे हे विहिरीचा जुना पंप काढतायत," एक ओरडायची, "आतलं चाक काशाचं आहे म्हणे, पण कोणाला सांगायचं नाही!" पायसांदूत कोणाची भिंत पाडली जाणार, कोणाचा ट्रॅक्टर कायमचा बसला, कुठल्या कचेरीचे प्रिंटर बाहेर काढून ठेवलेत, हे मला नवऱ्यांच्या आधी कळायचं. बीड आलं व्यायामशाळेच्या जुन्या वजनांतून, पोलाद आलं अ‍ॅक्सलांतून, तांबं पाण्याच्या टाक्यांतून. काशाच्या चाकाला केस कुरळे करून मिळायचे, पितळेच्या नळाला नुसती कापणी. कोणी म्हणालं, फसवलं, तर त्या बाईचे केस बघावेत.

या कामात माझा उजवा हात म्हणजे दोन्या डेल्मिरा सोसा. ती खेड्यापाड्यांची बस चालवायची. प्रवासी उतरले की ती शेताच्या बांधाकडे बघायची, आणि गवतात काही गंजलेलं दिसलं की हॉर्न वाजवून मालकाला बोलवायची. एकदा तिने ट्रॅक्टरचा अर्धा अ‍ॅक्सल शेवटच्या सीटवर आडवा टाकून आणला. एका म्हाताऱ्याने विचारलं, "याचं तिकीट काढलंत का?" डेल्मिरा म्हणाली, "हा वजनदार माणूस आहे, काका, याच्याकडे तिकीट मागायची माझी हिंमत नाही." पुढे ती माझ्या शेजारी उभी राहून लेथ शिकली. आज ती माझ्यापेक्षा चांगले आटे पाडते. हे तिला जिवंतपणी सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलं, राहू दे.

माल कुठला आहे हे ओळखू यावं म्हणून प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला नेलपॉलिश लावायची पद्धत मी घातली. अ‍ॅक्सलच्या पोलादाला लाल, बुशच्या काशाला गुलाबी, गिरणीच्या शाफ्टला जांभळी. कापायचं ते नेहमी दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे रंग शेवटपर्यंत उरतो. बिनरंगाचा तुकडा म्हणजे बिननावाचं पोर. नेल्सन या पद्धतीला हसायचा. "तुझ्या लोखंडाला लग्नाला जायचंय का?" असं विचारायचा.

आता त्याची गोष्ट लिहावीच लागेल, म्हणजे चर्चवाल्या मृत्युपत्राचाही उलगडा होईल. मला होडीसाठी वाफेचं इंजिन करायचं होतं. सिलिंडर झाला, बॉयलर झाला, पाणी दाबून तपासलाही. अडलं ते क्रँकशाफ्टवर, म्हणजे दट्ट्याच्या धक्क्याने चाक फिरवणाऱ्या दांड्यावर. बंद पडलेली लोकरीची गिरणी पाडत होते, तेव्हा टोपीखालून बातमी आली आणि मी तिथल्या जुन्या शाफ्टचा हातभर लांब, मनगटाएवढा जाड तुकडा मिळवला. त्याचे दोन भाग केले. पहिल्यातून क्रँकशाफ्ट कापायला घेतला. असलं पोलाद थंडच ओढून सरळ केलेलं असतं आणि तो राग ते पोटात धरून बसतं. एका बाजूने कापलं की दुसरीकडे वाकतं. माझा क्रँकशाफ्ट केळ्यासारखा वाकला. दुसरा भाग घ्यायला शेडमध्ये गेले तर तो नाही. जांभळ्या टोकाचा, मनगटाएवढा, गेला कुठे?

"तू विकलास," मी नेल्सनला म्हटलं.

"आईशप्पथ नाही."

"तुझ्याशिवाय शेडची किल्ली कोणाकडे आहे?"

"मला चोर म्हणतेस? मला? मी तुला अर्धी वखार खेळायला दिली!"

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं, ते कित्येक वर्षं, आणि त्याच रागात मी सगळं चर्चच्या नावे लिहून दिलं. नाताळ आले आणि गेले. हिमेनाने मधे पडून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी ती म्हणाली, "मामा सत्तर वर्षांचा होतोय, आई. तू नाही आलीस तर मीही जाणार नाही." म्हणून एका रविवारी मी त्याच्या आसादोला गेले आणि भट्टीशेजारी खुर्ची टाकून तोंड फिरवून बसले. आमच्याकडे मांसाच्या जाळीशेजारी लाकडं जाळायची लोखंडी टोपली असते, तिच्यातून निखारे खाली पडतात आणि ते ओढून जाळीखाली सारतात. नेल्सनच्या टोपलीचा एक पाय तुटलेला होता. त्या पायाखाली एक मनगटाएवढा जाड गोल तुकडा टेकवलेला होता, निखाऱ्यांत लालबुंद झालेला.

"नेल्सन, ते काय आहे?"

"कुठे? ते? ते नेहमीचंच. पाय मोडला तेव्हापासून आहे."

"कुठून आणलंस?"

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. मग कपाळावर हात मारून घेतला. "तुझ्या शेडमधून. नाताळची पाहुणी मंडळी दारात उभी होती गं, टोपली कलंडत होती. मी म्हटलं उद्या परत ठेवतो."

"म्हणजे चोरलंस."

"हलवलं. चोरलं नाही, हलवलं."

भट्टीभोवतीचे पाहुणे पोट धरून हसायला लागले. मी सांगितलं, आज कोणी हात लावायचा नाही, राखेतच निवू द्या. दुसऱ्या दिवशी मी तो घरी आणला, वरचा काळा पापुद्रा काढला आणि कानस लावली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने इतकी वर्षं दर रविवारी माझं पोलाद लाल होईपर्यंत तापवलं होतं आणि राखेत पांघरून सोमवारपर्यंत सावकाश निववलं होतं. पोटातला सगळा राग निघून गेला होता. ज्या कामासाठी मोठ्या कारखान्यांत वेगळ्या भट्ट्या असतात, ते काम त्याने चरबी आणि सॉसेजं भाजता भाजता करून दिलं होतं. त्यातून कापलेला क्रँकशाफ्ट केसभरही वाकला नाही. मी आनंदाने ओरडले तेव्हा शेजारच्या बेकरीतले वॉल्टर पिरिझ पिठाच्या हातांनी धावत आले, त्यांना वाटलं माझा हात यंत्रात सापडला. त्यांना मी मिठी मारली.

ईस्टरच्या सुट्टीत, अख्खं गाव बिअर घेऊन काठावर असताना, आम्ही होडी पाण्यात सोडली. मी इंजिनापाशी, डेल्मिरा सुकाणूवर, नेल्सन पुढे बसून लोकांना सांगत होता, "क्रँकशाफ्ट मी भाजलाय." प्रवाहाविरुद्ध पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. काठावरच्या बायकांमधे निम्म्या माझ्या गिऱ्हाईक होत्या आणि त्या आपापल्या पोरांना दाखवत होत्या, ते चाक आमच्या पंपाचं, तो नळ आमच्या मोरीतला. दोन बेंतान्कोर धक्क्यावर उभे होते. आम्ही समोरून गेलो तेव्हा त्यांनी टोपी काढली. नंतर म्हणाले, वाऱ्याने उडत होती. वारा नव्हता. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, आणि माझा नवरा चांगला माणूस होता.

होडी आणि इंजिन हिमेनाला, पण ते पाण्यातच राहावं, दिवाणखान्यात शोभेला ठेवू नये. चालवायला डेल्मिरा आहे.

दोन बेंतान्कोर यांना माझा वाकलेला पहिला क्रँकशाफ्ट, लाकडी पाटावर बसवून. केसांत खोचायला.

अंत्यविधीला माझे केस कोणीही करावेत, डेल्मिराने करू नयेत. तिला फक्त लोखंड कळतं.

इथपर्यंत गुरुवारपर्यंत लिहिलं. पुढचं कलम शनिवारचं.

नेल्सन सकाळी आला. ट्रक घेऊन आला, रिकामा, आणि दारासमोर तोंड करून उभा केला. नोटरीबाईंनी त्याला पांढऱ्या खडूचा नवा तुकडा दिला आणि सांगितलं की ज्या मालावर खूण कराल तो तुमचा. त्याने आधी हे सगळं लिखाण वाचायला मागितलं. उभ्यानेच वाचलं, ओठ हलवत. बेंतान्कोरच्या जागी हसला. जड आणि हलकं वाचून म्हणाला, "खरंच आहे." मग खडू घेऊन शेडमध्ये गेला आणि मी व नोटरीबाई पार्लरच्या खुर्च्यांवर बसून राहिलो.

लोखंड उचलल्याचे आवाज येत होते. तो एकेक तुकडा उचलून ठेवत होता आणि आवाजावरून मला कळत होतं, हा मालगाडीचा दांडा, हा पिठाच्या गिरणीचा शाफ्ट, हा ट्रकचा अ‍ॅक्सल. सगळे त्याच्याच वखारीतले. त्यालाही ते माहीत होतं, कारण त्याच्या वखारीत काय आलं आणि काय गेलं ते तो विसरत नाही. डेल्मिराही आली होती, ती दारात उभी राहून अंगणाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, "नळ तरी राहतील."

तो बाहेर आला तेव्हा हात कोपरापर्यंत तेलाचे होते. खडू टेबलावर ठेवला. खडू अख्खा होता.

"तुमचं काय काय निघालं?" नोटरीबाईंनी विचारलं.

"माझं काही नाही."

"नीट बघितलंत ना?"

"एकेक उचलून बघितलं. माझ्या वखारीतलं लोखंड गंजकं असतं, बाई. ह्याला सगळ्याला तेल लावलेलं आहे. माझं नाही हे."

"नेल्सन," मी म्हटलं, "दाराशी आहे तो अ‍ॅक्सल तू स्वतः आणून टाकलास. त्याला तुझ्या जुन्या ट्रकचा हिरवा रंग लागलाय अजून."

"हिरवे ट्रक काय माझ्याकडेच होते?"

"आणि तो मालगाडीचा दांडा? तो उतरवताना तुझा अंगठा चेचला."

"अंगठा माझा. दांडा तुझा." मग तो नोटरीबाईंकडे वळला. "लिहा हो तुम्ही. हिचं ऐकू नका, हिचं डोकं ठिकाणावर नाही."

"डॉक्टरांचा दाखला आहे," नोटरीबाई म्हणाल्या.

"मग झालं तर. शहाणी बाई आहे, वाद घालणार नाही."

मी विचारलं, "आणि भट्टी?"

"भट्टी अंगणात बांधीन. पाऊस आला तर छत्री धरीन." एवढं बोलून तो हात धुवायला गेला आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

नोटरीबाई म्हणाल्या, समोरच्याचं विधान खरं नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नमूद करायला हवं. तेव्हा नमूद करते.

सबब मी, नीबिया एचेगाराय, असं लिहून देते की माझा भाऊ नेल्सन हा आज नोटरीसमोर धडधडीत खोटं बोलला. ढिगातलं निम्म्याहून जास्त लोखंड त्याचं आहे, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. त्याचं हे खोटं मी पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने, कसलीही हरकत न घेता स्वीकारते, आणि शेडमधला संपूर्ण ढीग, लेथ आणि नेलपॉलिशच्या सगळ्या बाटल्या दोन्या डेल्मिरा सोसा यांना देते. तो ढीग कोणी कधीही वजनावर विकू नये.

या मृत्युपत्रान्वये ज्याला काही मिळतं, त्याला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, असा इथला कायदा आहे. त्यामुळे डेल्मिराला करता आली नाही. नेल्सनला आली.

ठिकाण: पायसांदू
दिनांक: सोळा मार्च दोन हजार एकोणीस, शनिवार

लिहून देणार:
(सही) नीबिया एचेगाराय

साक्षीदार:
(सही) वॉल्टर पिरिझ, बेकरीवाले, शेजारी
(सही) नेल्सन एचेगाराय, भंगारवाला, भाऊ, काहीही न मिळालेला

समक्ष:
(सही) सिल्वाना इराओला, नोटरी